मदत हवी आहे : तेरवीनंतर त्या घरी काय म्हणावं?

राम राम मंडळी. जवान पोरगा गेलेल्या घरी आमचं भजन मंडळ तेरवीपर्यंत रोज संध्याकाळी बसतं. माईक बंद, पेटी-टाळ हळू, चार-पाच अभंग, मग दोन मिनिटं शांतता. पाऊण तासाच्या वर नाही. इथवर जमतं. अडतं ते चौदाव्या दिवसापासून. पाहुणे परततात, घर सुनं होतं, आणि माय देवघरात वात लावणं सोडते.

'देवाला आवडला म्हणून नेला' हे वाक्य तेव्हा फार लागतं. त्यात देवच चोर ठरतो. पोटचा मुलगा गेल्याचं कळूनही गाडगेबाबांनी कीर्तन थांबवलं नाही, हेही लगेच सांगू नये. आपण रडतो म्हणजे श्रद्धा कमी पडली, असं तिला वाटतं. तुकोबा जास्त जवळचे. दुष्काळात बायको-लेक गमावून ते विठोबाशी उघड भांडले, पण त्याला सोडलं नाही.

असे भांडणाचे, संथ चालीचे अभंग तुम्ही कोणते घेता? तेरवीनंतर आठवड्यातून किती वेळा जाता? वात शेजारणीनं लावावी, की माय स्वतः उठेपर्यंत देवघर तसंच राहू द्यावं? पेरणीत कोणालाच सवड नसते, तेव्हा काय सोय करता तेही सांगा.