शब्दचर्चा : परिसंस्था, समुदाय आणि मानस

विचारणा (मडगाव) : 'स्टार्टअप इकोसिस्टम', 'सोशल मीडियाची इकोसिस्टम' असं हल्ली सर्रास छापतात. तिथे 'परिसंस्था' चालेल का? 'समुदाय' का नको?

म्हापसा : चालेल, पण अर्थ सांभाळून. 'इकोसिस्टम' हा शब्द 1935 साली ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांच्या लेखात प्रथम छापून आला. सजीव आणि त्यांची माती, पाणी, हवा हे सगळं मिळून एक एकक, असा त्याचा अर्थ. जीवशास्त्रात 'समुदाय' म्हणजे एका जागी नांदणाऱ्या निरनिराळ्या जाती. निर्जीव भाग त्यात धरत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप गटातली 200 माणसं म्हणजे बोलीभाषेतला समुदाय. (काटेकोर जीवशास्त्रात एकाच जातीची म्हणून ती नुसती 'समष्टी'. असो.) गटाचे नियम, येणारा-जाणारा मजकूर, दार सांभाळणारा अ‍ॅडमिन हे सगळं हिशेबात घेतलं तरच परिसंस्था म्हणावं.

दिवाडी : दाराचा विषय निघालाच आहे, तर गोव्यातलं खाजन घ्या. खाडीकाठची सखल जमीन, तिला चिखलाचा बांध, बांधात मानस, म्हणजे लाकडी दारं. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार मिटतं, ओहोटीला आतल्या दाबाने बाहेर उघडतं. पावसाचं पाणी मीठ धुऊन नेतं, मग खारं सोसणारा कोरगुट जातीचा भात पिकतो. कापणीनंतर काही खाजनांत खारं पाणी आत घेतात; त्याबरोबर मासे, कोळंबी येते. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो.

मडगाव : 'मानस'चा मनाशी संबंध?

दिवाडी : वापरात तरी नाही. लिंगही वेगळं : ती मानस, मानशीचं दार. 'मानसचं दार' लिहिलं की लिहिणारा खाजनात उतरलेला नाही हे कळतं.

फोंडा : मुद्दा बिघाडाचा आहे. लिलाव घेणाऱ्याला मासळी जास्त हवी असते. दार नको तेव्हा उघडं राहिलं तर पाण्याच्या ओढीने बांधाचा पाया खचतो आणि शेतात मीठ चढतं. पीक बुडालं की शेतकरी पाठ फिरवतो, मग खेकड्यांची बिळं बुजवायला कोणी उरत नाही. एका बिळातून झिरपणारं पाणी बांध फोडायला पुरतं, आणि फुटलेल्या खाजनात कांदळवन शिरतं. ज्या गटात अ‍ॅडमिनचाच जाहिरातीत फायदा असतो तिथे वेगळं काय होतं? मजकुराचा लोंढा येतो, जाणते गप्प होतात, खोटं खोडायला कोणी राहत नाही.

म्हापसा : एक हरकत. कांदळवन आलं म्हणजे परिसंस्था मेली असं नव्हे, बदलली. बुडालं ते शेत. 'गटाची परिसंस्था कोलमडली' लिहिताना नेमकं कोणाचं काय बुडालं ते लिहा. शिवाय निसर्गात सभासद नसतात, गांवकरीत, म्हणजे खाजनं सांभाळणाऱ्या जुन्या गावसंस्थेत, असतात. गांवकरींचे रिवाज पोर्तुगीजांनी 1526 च्या फोरालात, म्हणजे सनदेत, नोंदवले.

मडगाव : मग वाक्यात कसं वापरू?

दिवाडी : 'वाचक, लेखक, नियम आणि पैसा यांची परिसंस्था' चालेल. नुसत्या ओळखीपाळखीसाठी 'गोतावळा' पुरे.