गाडी खाली घेतल्यावर पुढचे टायर आतून झिजतायत, अलाइनमेंट (चाकांचे कोन) किती ठेवू?

पेट्रोल हॅचबॅक आहे, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक अॅब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब). स्प्रिंगा बदलून गाडी ३० मिमी खाली घेतली. चार महिन्यांत पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने गेले, बाहेरची नक्षी शाबूत आहे. आत हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत, उलट फिरवला की करवतीसारखे दाते लागतात. गाडी किंचित उजवीकडे खेचते.

रिपोर्ट असा: कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर किती कललंय, उणे म्हणजे आत) डावा -१°३०', उजवा -०°४०'. कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) दोन्हीकडे ३° च्या आसपास. एकूण टो (चाकं पुढच्या बाजूला किती वळलीत, उणे म्हणजे बाहेर) -०°२४'. गॅरेजवाले म्हणतात, सगळा दोष कॅम्बरचा, कॅम्बर बोल्ट (कॅम्बर बदलता येणारे वेगळे बोल्ट) घाला. माझा वापर बहुतेक हायवेचा. काय करू?

प्रतिसाद १
दाते लागतायत म्हणजे टो. नुसत्या कॅम्बरने टायर एका कडेला झिजतो, पण झीज गुळगुळीत असते. तुमचा टो २४ मिनिटं आउट आहे, म्हणजे १५ इंची रिमवर पुढची बाजू मागच्यापेक्षा जवळजवळ पावणेतीन मिमी जास्त उघडी. टायर सतत फरफटत चाललाय. कंपनीच्या मॅन्युअलमधला आकडा पहिला. तो नसेल तर रोजच्या वापराला एकूण टो शून्य ते +०°०६' ठेवा. -१° कॅम्बरने टायर असे चार महिन्यांत जात नाहीत.

प्रतिसाद २
टोबद्दल सहमत, पण टोला हात सगळ्यात शेवटी. कॅम्बर हलला की टो हलतोच.

मला दोन बाजूंमधला ५० मिनिटांचा फरक जास्त खटकतो. अर्ध्या अंशाच्या आत हवा. गाडी उजवीकडे खेचते तीही त्यामुळेच असावी, कारण ज्या चाकाचा कॅम्बर जास्त पॉझिटिव्ह, तिकडे गाडी जाते. स्प्रिंग बदलताना स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) जोडणारे दोन बोल्ट काढले असतील. त्या भोकांत थोडी जागा असते, आणि बोल्ट कसताना चाक जिथे होतं तिथेच बसतं. नवे बोल्ट विकत घेण्याआधी नट ढिले करा, डाव्या चाकाचा वरचा भाग बाहेर ढकलून धरा, तसंच कसा. उजवीकडे उलट. टॉर्क (बोल्ट किती घट्ट कसायचा ते) मॅन्युअलप्रमाणे.

जॅकवर असतानाच चाक नऊ-तीनवर धरून हलवा, टाय रॉड एंडचा (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणाऱ्या सांध्याचा) प्ले, म्हणजे ढिलेपणा, कळेल. बारा-सहावर हलवलं की बॉल जॉइंट (नकल आणि लोअर आर्ममधला सांधा) आणि बेअरिंगचा. प्ले असेल तर कुठलंही सेटिंग टिकणार नाही. आणि लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बुशचे, म्हणजे रबरी जोडाचे, बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना कसायचे. लटकत्या चाकावर कसले तर बुश कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं. गाडी खाली घेणाऱ्यांकडून हे हमखास राहून जातं.

कॅस्टर दोन्हीकडे सारखा आहे, त्याला हात लावू नका.

प्रतिसाद ३
एक जपा: ०°२४' म्हणजे ०.४ अंश (६० मिनिटांचा एक अंश), ०.२४ नव्हे. मशीन कुठल्या एककावर आहे ते ऑपरेटरला विचारा. आणि हवा आधी भरा, स्टिअरिंग सरळ लॉक करायला लावा, टाय रॉड दोन्हीकडे सारखे फिरवायला सांगा, नाहीतर स्टिअरिंग वाकडं राहील.

धागाकर्ता
काम झालं. डावा टाय रॉड एंड खेळत होता, बदलला. बोल्ट ढिले करून कॅम्बर -१°०५' आणि -०°५५' वर आला, वेगळे बोल्ट लागले नाहीत. टो +०°०४'. हायवेवर हात सैल सोडला तरी गाडी सरळ जाते. झिजलेले टायर काढले, नव्यांची नक्षी महिन्याने मोजून इथेच लिहितो. तिघांचेही मनापासून आभार.