शब्दचर्चा: चाचणी-विभागाने ‘द्यायचं’ काय आणि ‘राखायचं’ काय?

पर्वरीहून, मूळ प्रश्न
आमच्याकडे आजवर प्रत्येक प्रोजेक्टचे टेस्टर, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणारे, वेगळे होते. आता सगळ्यांची मिळून एकच मध्यवर्ती टीम केली आहे. ती काय तयार करणार आणि काय मेंटेन करणार, याचं एक पान मराठीत लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. गिऱ्हाईक म्हणजे एक सहकारी पतसंस्था, आणि तिचे संचालक मराठीत असलेलंच शेवटपर्यंत वाचतात. ‘मेंटेन’ला मी ‘देखभाल’ लिहिलं. एकांनी वाचून विचारलं, “म्हणजे लिफ्टवाल्यांसारखं?” दुसरा शब्द सुचवा. ‘ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स’लाही, म्हणजे गिऱ्हाइकाची कोणती मागणी कोणत्या चाचणीने तपासली त्या तक्त्यालाही, काहीतरी हवं.

सांखळीहून
देखभाल यंत्राची असते. तुम्हाला हवं ते क्रियापद ‘राखणे’. शेत राखतात, गुरं राखतात, आपल्याकडे गावालासुद्धा राखणदार असतो. अहवाल एकदा हातात दिला की त्या रिलीजपुरता, म्हणजे सॉफ्टवेअरच्या त्या आवृत्तीपुरता, संपला. चाचणीची योजना, निकाल, ‘हे सोडायला हरकत नाही’ हे मत, या सगळ्या द्यायच्या गोष्टी. टेस्ट केस, नमुना डेटा, चाचण्या आपोआप चालवणाऱ्या ऑटोमेशनच्या स्क्रिप्ट मात्र राखायच्या. स्क्रीनवरचं एक बटण सरकलं तरी स्क्रिप्ट पडते. ती वेळेवर दुरुस्त झाली नाही तर महिन्याभरात ‘चाचणी नापास’ सांगणाऱ्या लाल निशाणीची सवय होते, आणि खरा बिघाड आला तरी कोणी मान वर करत नाही. अख्खं पान ‘देणे’ आणि ‘राखणे’ या दोन क्रियापदांवर उभं करा.

वास्कोहून
द्यायच्या कागदांसाठी मानक आहेच की. आयईईई ८२९ हे १९८३ सालचं, पुढे १९९८ आणि २००८ मध्ये सुधारलेलं. आता त्याची जागा आयएसओ २९११९ मालिकेच्या तिसऱ्या भागाने घेतली आहे. पण त्यातला प्रत्येक कागद मराठीत आणायला बसलात तर संचालकांची मुदत संपेल.

म्हापशाहून
सांखळीकरांना अनुमोदन, स्वतःच्या पोळलेल्या हाताने. मागे एका ठिकाणी होतो. ठेवीच्या व्याजाच्या सगळ्या चाचण्या एकाच मुलाच्या लॅपटॉपवर. २९ फेब्रुवारीला ठेवलेली ठेव, मुदतीआधी मोडलेली ठेव, ज्येष्ठ नागरिकाचा दर, असे कितीतरी नमुने त्याने हौसेने जमवले होते. त्याने नोकरी सोडली आणि लॅपटॉप पुसून दुसऱ्याला दिला. अहवाल सगळे जागेवर होते, पण ते ज्याच्या जोरावर लिहिले ते गेलं. पुढच्या लीप वर्षाला आम्ही पुन्हा कोऱ्या पाटीवर.

फोंड्याहून
एक भर. पानावर ‘चुकांची नोंद’ असं लिहू नका. माणसाची होते ती चूक, त्यामुळे प्रोग्राममध्ये राहतो तो दोष, आणि काउंटरवर दिसतो तो बिघाड. टेस्टरांना प्रमाणपत्र देणाऱ्या आयएसटीक्यूबी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या परिभाषेतही हे तीन वेगळे आहेत. नोंद दोषाची ठेवायची. ‘चुकांची नोंद’ म्हटलं की प्रोग्रामर लगेच विचारतो, “कोणाच्या?” आणि दिवस तिथेच जातो.

डिचोलीहून
‘मॅट्रिक्स’ म्हणालात तर गोव्यात निम्म्या लोकांना मात्रीज आठवेल, पोर्तुगीज काळातली जमिनीच्या कराची नोंद! ते जाऊ दे. मी म्हणेन, एक-चौदाचा उतारा, म्हणजे आपल्या गोव्याचा सातबारा. सर्व्हे नंबर काढला की कब्जेदार कोण, कूळ कोण, सगळं समोर. तसंच मागणीचा क्रमांक काढला की तिच्या चाचण्या कोणत्या, निकाल काय, दोष किती उघडे.

फोंड्याहून
उपमा सुरेख, शब्द चुकला. उतारा एका नोंदीची नक्कल. इथे अख्खं दप्तर आहे. शिवाय वाचणारे पतसंस्थेचे, मग ‘खतावणी’ का नको? किर्दीत तारखेवार लिहितात, खतावणीत खातेवार. दोष सापडेल तसे लिहिता ती किर्द. तेच मागणीवार मांडलं की खतावणी. एखाद्या मागणीच्या पानावर एकही चाचणी नसली तर कोरं पान कोणाच्याही नजरेत भरतं.

पर्वरीहून
बाई, ‘खतावणी’वर तर ते ‘लिफ्टवाले’ म्हणणारे संचालकच खूश झाले. म्हणाले, “आता कळलं तुम्ही करता काय ते!” ‘राखणे’ही राहिलं. अडलंय एका ठिकाणी. चाचणीसाठी वेगळा सर्व्हर आणि वेगळा डेटाबेस ठेवतो, तेही राखायच्या यादीत आहे. ‘एन्व्हायर्नमेंट’ला कोशातलं ‘पर्यावरण’ घातलं तर झाडं लावायला सांगतील.

फोंड्याहून
‘तालमीची जागा’ लिहा. आणि रिलीजच्या आधी त्यांच्याच क्लार्कना बसवून, खऱ्यासारख्या खात्यांवर शेवटची चाचणी घेता ना? तिला ‘रंगीत तालीम’. जत्रेत नाटकाला उभा राहिलेला एक तरी संचालक असेलच. समजावत बसावं लागणार नाही.

पर्वरीहून
एक? तिघे आहेत. देव बरें करूं.