मदत हवी आहे : गॉर्डन लिश यांच्या स्वतःच्या कथांवरची समीक्षा

मंडळी, आमच्या वाचनकट्ट्यावर अमेरिकन कथाकार-संपादक गॉर्डन लिश यांच्यावर बोलायचं आहे. अडचण अशी की काहीही उघडलं तरी गाडी लिश ज्यांच्या कथांचे संपादक होते त्या कथाकार रेमंड कार्व्हरपाशीच येऊन थांबते. ती हकिकत माहीत आहे. लिशनी कार्व्हरच्या काही कथा निम्म्याहून जास्त कापल्या, जुलै १९८० मध्ये कार्व्हरनी पत्र लिहून छपाई थांबवायची विनवणी केली, तरी १९८१ मध्ये संग्रह आला आणि 'मिनिमलिझम'चा, म्हणजे मोजक्या शब्दांत, बरंचसं न सांगता लिहिण्याच्या शैलीचा, गाजावाजा झाला. मूळ हस्तलिखित पुस्तकरूपात यायला २००९ उजाडलं. लिशनी कापलेली कार्व्हरची कथा 'द बाथ' आणि तिचंच विस्तृत रूप 'अ स्मॉल, गुड थिंग' मी शेजारी ठेवून वाचल्या. मन दुसऱ्या कथेकडे झुकतं. पण पहिलीचा फोनवर तुटणारा शेवट काही पाठ सोडत नाही!

पण लिश यांच्या स्वतःच्या लेखनाचं काय? 'व्हॉट आय नो सो फार' (१९८४) हा संग्रह, 'पेरू' (१९८६) ही कादंबरी. त्यांचा निवेदक तेच तेच घोळवत बोलत सुटतो, कार्व्हरच्या अबोल माणसांच्या अगदी उलट. मग याला मिनिमलिझम म्हणायचं तरी कसं? समीक्षकांनी या कथा संपादकाची कीर्ती बाजूला ठेवून तपासल्यात का?

असा एखादा लेख ठाऊक असेल तर सांगा, मराठीत असेल तर फारच उत्तम. आणि कट्ट्यावर मोठ्याने वाचता येईल अशी त्यांची एखादी छोटी कथाही सुचवा.