तांबडी कोंबडी कुत्र्यामांजरांवर धावून जाते, उपाय सुचवा

परसातली

आमच्या परसात तीन कोंबड्या, एक म्हातारा कुत्रा आणि एक मांजर. दोन वर्षं सगळे गुण्यागोविंदाने राहिले. गेल्या दहा दिवसांपासून मात्र तांबडी बिथरली आहे. कुत्रा नुसता बाजूने गेला तरी मानेवरची पिसं फुलवून, मान खाली घालून अंगावर जाते आणि टोचते. काल मांजर पायरीवर झोपलं होतं, तर डोळ्याच्या अगदी वर चोच मारली. तिथले केस उडून लाल ठिपका दिसतोय. कुत्रा आजवर मुकाट्याने निघून जायचा. परवा पहिल्यांदाच त्याच्या घशातून गुरगुर ऐकली आणि माझ्या पोटात गोळा आला. तांबडीला मी पिल्लू असल्यापासून हाताने वाढवलंय, ती कुणाला द्यायची नाही. काय करू?

खुराडेवाला

ताई, आधी एवढं सांगा: ती अंडी देतेय का? दिवसभर अंड्याच्या जागी बसून असते का? हात पुढे केला की फुगते का?

परसातली

अंडं बंद आहे. सकाळी एकदा खाली उतरते, घाईघाईने दाणे टिपते, पाणी पिते, भलीमोठी घाण वासाची विष्ठा टाकते आणि परत जाऊन बसते. आता लिहिताना लक्षात आलं, धावून जाते ती नेमकी त्याच वेळात.

उंबरठा

आमच्याकडे अशा कोंबडीला पाय धरून उलटी लटकवायचे, की जिरते तिची. एकदा करून बघा.

खुराडेवाला

कृपा करून तसं करू नका. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, नसतं. उलटी धरली की पोटातले अवयव हवेच्या पिशव्यांवर येतात आणि श्वास घेणं अवघड होतं. ती गप्प पडते ती त्यामुळे, शहाणी होते म्हणून नव्हे. वर माणसाचीही भीती बसते ती वेगळीच.

ताई, तुमची तांबडी खुडूक बसली आहे, म्हणजे अंडी उबवायला बसली आहे. खात्री करायची असेल तर रात्री हळूच छातीखाली हात घाला. तिथली पिसं गळालेली असतील आणि कातडी चांगलीच गरम लागेल. या काळात तिच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलेलं असतं. अंडं थांबतं आणि जवळ येणारा प्रत्येक जीव तिला घरट्यावरचं संकट वाटतो. पिल्लं निघायला २१ दिवस लागतात, पण अंडी फलित नसली किंवा खाली अंडंच नसलं तरी ती बसून राहते. खाणं कमी झाल्याने आठवड्यागणिक हलकी होत जाते. म्हणून हे आपोआप जाईल म्हणून थांबू नका.

उपाय सोपा आहे. तळाला जाळी असलेला पिंजरा चार विटांवर उचलून ठेवा, म्हणजे खालून वारा लागेल. आत गवत, भुसा, चिंध्या काहीही नको. दाणा-पाणी भरपूर, वर सावली, रात्री मुंगूस-उंदराचं भय नाही अशी जागा. छातीखालची ऊब गेली की खुडूकपणा उतरतो. साधारण तीन-चार दिवस लागतात, उशिरा ध्यानात आलं असेल तर जास्तही. मधे एकदा सोडून बघा. धावत घरट्याकडे गेली तर परत आत. दाणे उकरत बसली तर सुटली म्हणायचं. अंडं सुरू व्हायला मात्र त्यापुढेही काही दिवस जातात.

पिंजरा बाकीच्या दोघींना दिसेल असाच ठेवा. १९२१ साली नॉर्वेच्या थॉर्लीफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी कोंबड्यांमधली टोचण्याची उतरंड मांडली: कुणी कुणाला टोचायचं हे कळपात ठरलेलं असतं. एखादी नजरेआड गेली की तिची जागा जाते आणि परतल्यावर नव्याने मारामारी होते.

मनीची आई

मांजराचा डोळा आजच उजेडात नीट बघा. डोळा अर्धवट मिटतोय, पाणी येतंय, बुबुळावर धूसर डाग दिसतोय, यातलं एक जरी असेल तरी आजच डॉक्टरकडे न्या. घरातले जुने थेंब अजिबात घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळाला ओरखडा असेल तर जखम चिघळते.

उलट बाजूही सांगते. मांजराने कोंबडीला पंजा किंवा दात लावला तर रक्त दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात, आणि पिसांखालचं बारीक छिद्र दिसतच नाही. पिसं फुंकून फुंकून बघावं लागतं.

उंबरठा

खुराडेवाला, श्वासाचं माहीत नव्हतं. पुन्हा सुचवणार नाही. मग पिल्लंच काढू दिली तर?

खुराडेवाला

ज्या घरात कुत्रं-मांजर मोकळं फिरतं तिथे नको. पिल्लं निघाली की आई आताच्या दुप्पट तिखट होते आणि पुढचे पाच-सहा आठवडे तरी तशीच राहते. शिवाय पिल्लांना मांजराची भीती.

शेपटीवाला

मला काळजी कुत्र्याची वाटते. कोंबडी शंभरदा टोचेल, तो एकदाच चावेल, आणि तेवढं पुरतं. तो गुरगुरला म्हणून रागावू नका. गुरगुरणं हा त्याचा इशारा आहे. तो दाबला तर पुढच्या वेळी न सांगता तोंड घालेल. तांबडी बाहेर असताना त्याला घरात घ्या, त्याचं ताटही आतच ठेवा. पुढे दोघांना समोरासमोर आणाल तेव्हा मधे जाळी आणि त्याच्या गळ्यात पट्टा. कोंबडीवरून नजर काढून तुमच्याकडे बघितलं की लगेच खाऊ द्या. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे दुखत असतात, त्याला चटकन बाजूला होता येत नाही, हेही ध्यानात घ्या.

आणि खुडूकपणा उतरूनही ती टोचतच राहिली तर दुखणं शोधा. माझी एक कोंबडी महिनाभर सगळ्यांवर धावायची. शेवटी उचलून तळपाय बघितला तर मधोमध काळी खपली आणि भोवती टणक सूज. खपलीच्या आत पू होता. डॉक्टरांनी साफ करून पट्टी बांधली, आठवड्याभरात ती पूर्ववत झाली. रात्री बॅटरी घेऊन बसायच्या दांड्याच्या फटीही तपासा. लाल माइट नावाचे बारीक जीव दिवसा तिथे लपतात आणि रात्री रक्त पितात.

परसातली

सगळ्यांचे मनापासून आभार. मांजराचा डोळा डॉक्टरांनी तपासला, बुबुळ शाबूत आहे. तांबडीच्या छातीला हात लावला तर खरंच तळहाताएवढी जागा उघडी आणि कढत. पिंजऱ्यात पहिले दोन दिवस सारखी घुमत होती, माझ्याकडे बघून फुगत होती. ऐकवत नव्हतं. आज पाचवा दिवस. सकाळी सोडली तर सरळ बाकीच्या दोघींकडे गेली, मातीत खड्डा करून अंग घुसळलं आणि एक पंख पसरून उन्हात पडून राहिली. घरट्याची जागा मी अजून फळी लावून बंदच ठेवली आहे. कुत्रा जाळीपलीकडून बघत होता, ती उठलीसुद्धा नाही. जाळी आणखी आठवडाभर काढणार नाही.