प्रति: बाप्तिस्म्यानंतर माणूस वेगळाच होतो?

"बाप्तिस्मा घेतला की आधीचा माणूस संपतो" असं वर कुणीतरी म्हटलंय. पंडिता रमाबाईंकडे बघून तरी मला हे पटत नाही. १८८३ साली इंग्लंडात, वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या धर्मभगिनींपुढे मान तुकवली नाही. बाई शाकाहारीच राहिल्या. क्रुसावरची अक्षरं लॅटिन का, संस्कृत का नकोत, यावरही वाद घातला! एका पुरोहितशाहीचं जोखड नुकतंच उतरवलंय, आता दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी १८८५च्या पत्रात सरळ कळवलं.

मला जास्त भावते ती त्यांची नंतरची कबुली: ख्रिस्ती धर्म आधी सापडला, ख्रिस्त मात्र बऱ्याच वर्षांनी. म्हणजे नोंद आधी आणि ओळख मागाहून. शेवटच्या वर्षांत केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवलं.

आमची आजीही ख्रिस्तीच. नऊवारी कधी सुटली नाही. उपासनेत पेटी लागली की ना. वा. टिळकांचं भजन ती चष्म्याशिवाय म्हणायची, पुस्तक मांडीवर उलटं असलं तरी.