मदत हवी आहे: बायोप्सीचे १२ तुकडे स्वच्छ, तरी पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीच्या रक्तचाचणीतला आकडा) चढतोय. शक्यता किती?

आकडेमोड्या
बाबांची प्रोस्टेट बायोप्सी झाली, १२ पैकी एकाही तुकड्यात काही नाही. सहा महिन्यांत पीएसए ७.८ वरून ९.४. डॉक्टर म्हणतात पुन्हा करावी लागेल. बाबा म्हणतात, एकदा टोचून घेतलं तेवढं पुरे. एका सुईला गाठ लागायची शक्यता ०.१ धरली तर बाराही हुकण्याची ०.९ चा १२ वा घात, म्हणजे २८ टक्के. म्हणजे कॅन्सर असण्याची शक्यता २८ टक्के, बरोबर? धीर देऊ नका, गणित तपासा.

सुमेधा_
वय? ग्रंथी किती मिलीची? एमआरआय झालाय का? सुई गुदद्वारातून घातली की बाहेरून त्वचेतून? काही औषधं चालू आहेत का?

चाकोरीबाहेर
काका सायकल चालवतात का? आधी ती बंद करा.

आकडेमोड्या
सायकल नाही. ६६, ६२ मिली, एमआरआय नाही, गुदद्वारातून. आता गणित?

तिरपी_रेघ
दोन घोळ आहेत. २८ टक्के ही 'गाठ आहे असं धरलं तर ती हुकण्याची' शक्यता झाली. तुम्हाला उलटं हवंय. समजा, बायोप्सीआधी घातक कॅन्सरची शक्यता ३० टक्के होती. २०१७ च्या प्रोमिस अभ्यासात अशा बायोप्सीला घातक कॅन्सरपैकी ४८ टक्केच सापडले, म्हणजे ५२ टक्के हुकले. ०.३ गुणिले ०.५२ म्हणजे ०.१५६, भागिले (०.१५६ + ०.७; हे ०.७ म्हणजे घातक कॅन्सर नसण्याची शक्यता). साधारण १८ टक्के.
दुसरा घोळ: घात घेता येतो तो सुया स्वतंत्र असतील तर. इथे सगळ्या मागच्या बाजूने जातात. गाठ पुढच्या भागात असेल तर पहिली हुकली तशी बारावीही हुकण्याचीच शक्यता जास्त. एकाच कोपऱ्यात बारा वेळा टॉर्च मारल्यासारखं.

जुना_खोड
एवढं कशाला? २४ तुकडे घ्यायला सांगा. माझ्या मेव्हण्याला अठराव्यात सापडलं.

तिरपी_रेघ
त्याच कोपऱ्यात २४ वेळा टॉर्च! आणि एक तुकडा म्हणजे जेमतेम १ मिमी जाड, १७ मिमी लांब. १२ मिळून ०.१६ मिली. ६२ मिलीच्या ग्रंथीचा पाव टक्का.

जुना_खोड
मग पाव टक्का बघून काय कळतं? सगळी बायोप्सीच थोतांड म्हणा!

तिरपी_रेघ
नाही हो. अर्ध्या मिलीची गोल गाठ साधारण १ सेंमी रुंद असते. सुई तिच्या मध्यापासून ५ मिमीच्या आत गेली की लागली. किती मांस काढलं ते सोडा, सुयांच्या मधल्या फटी बघा.

सुमेधा_
फटींवर वाद घालण्यापेक्षा आधी एमआरआय करा आणि दिसेल तिथे सुई घाला. २०१८ च्या प्रिसिजन चाचणीत ५०० पुरुष होते. आधी एमआरआय केलेल्या गटात ३८ टक्के जणांत घातक कॅन्सर सापडला, नेहमीच्या पद्धतीत २६ टक्के.
आणि औषधांचं उत्तर राहिलंच.

आकडेमोड्या
औषधांचा काय संबंध? बीपीची गोळी आहे. लघवीसाठी ड्युटास्टराइड, दोन वर्षं झाली.

सुमेधा_
अहो, हे आधी सांगायचं ना! त्या गोळीने पीएसए साधारण निम्मा होतो. म्हणजे ९.४ ला १८.८ समजा. त्याला ग्रंथीच्या ६२ मिलीने भागलं, म्हणजे ग्रंथीच्या आकारमानाच्या मानाने पीएसए किती ते पाहिलं, की ०.३. नुसत्या ९.४ ला भागलं तर ०.१५, म्हणजे जिथून डॉक्टर सावध होतात त्या रेघेवरच. आणि गोळी चालू असताना पीएसए चढणं हीच मुळात काळजीची गोष्ट. डॉक्टरांना माहीत आहे का?

तिरपी_रेघ
माझे ३० टक्के मागे घेतो. सुरुवातीचा आकडाच वर जाणार, मग १८ ही वर जाणार.

आकडेमोड्या
गोळी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलीय, यांना कोणी सांगितलंच नाही. आत्ताच फोन केला. आधी एमआरआय ठरलाय. बाबा विचारतायत, मशीनचा आवाज फार असतो का?

चाकोरीबाहेर
असतो, पण कानात बोळे देतात. मला तर झोप लागली होती.